पाण्याच्या गावातलं परडं

कोयनानगर
२ जुलै

ती. आत्याबाई,

आमच्यात जयभीम लिहितात. तुमच्यात काय लिहितात ते मल्हारला विचारलं असतं, पण हे पत्र मी त्याला न सांगता लिहितेय. म्हणून साधा नमस्कार.

मी आम्रपाली, तुमच्या धाकट्या मुलाची बायको. लग्नाला चार वर्षं झाली आणि आपण अजून एकमेकींना पाहिलेलं नाही. तुम्हाला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून पाकिटावर तुमच्या नातीचं नाव घातलं. अपेक्षा, तुझा काका तुझं फार कौतुक सांगतो. तेव्हा हे आजीला जसंच्या तसं वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस. आणि तुझे वडील घरात नसताना वाच.

फोन केला असता, पण अपेक्षाच्या वडिलांनी, दादासो भाऊजींनी, आमचे दोघांचेही नंबर ब्लॉक करून टाकलेत आणि तुमच्याजवळ फोन नाही. पोस्टमनला मात्र कुणी अडवू शकत नाही.

काम असं आहे. आम्हाला इथं वसाहतीत घर मिळालंय. मल्हार पॉवरहाऊसला, मी सरकारी दवाखान्यात नर्स. घर जुनं, बुटकं, वर पत्रा. भूकंपाच्या गावात असंच बरं असतं. अधूनमधून फळीवरची भांडी वाजतात, कुणीतरी ‘झाला’ म्हणतं आणि माणसं पुढचा घास घेतात. घरामागं मोठं परडं आहे, डोंगराच्या उताराला टेकलेलं. तुम्ही म्हसवडच्या उन्हात नुसत्या अंघोळीच्या पाण्यावर वांगी, मिरच्या, घेवडा पिकवायचा, हे मल्हारनं मला इतक्या वेळा सांगितलंय की तुमचं परडं मी डोळे मिटून चालून येईन. मला वाटलं, तिकडं एवढं होतं तर इकडं काय नाही होणार? इथं तर आभाळच दिवसभर नळ सोडून बसलेलं असतं.

मी जन्मात कधी झाड लावलेलं नाही. माझं माहेर विट्याजवळचं. आमच्या दारात एक कडुनिंब होता आणि तोही आपला आपण वाढलेला. तर मल्हारनं खिडकीतून सांगितलं, ‘आईसारखं कर. झाडाभवती आळं कर, पानी मुळापाशी थांबलं पायजे.’ मी केलं. एकेका रोपाला गोल, सुबक आळं. दुसऱ्या दिवशी बघते तर पाण्यानं भरलेली भगुणी ओळीनं मांडल्यासारखं दिसत होतं. आठवड्यात वांगी पिवळी पडून लोळली. तुळस काळी झाली. मिरचीचं एक रोप उपटलं तर मुळं चहाच्या चोथ्यासारखी हातात आली आणि वास असा, की दवाखान्यातसुद्धा नाक न दाबणारी मी तोंड फिरवून उभी राहिले.

तुमच्या इतक्या वर्षांत परड्यात कधी पाणी जास्त झालं होतं का? झालं असेल तर तुम्ही काय केलं? तेवढं कळवा.

मल्हार बरा आहे. सध्या घरीच असतो.

उत्तर आलं तर आनंद. नाही आलं तरी मी लिहीनच.

आम्रपाली


कोयनानगर
१८ जुलै

ती. आत्याबाई,

उत्तर नाही. हरकत नाही.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट मुद्दाम लिहिली नव्हती. मल्हार घरी असतो तो सुट्टीवर नाही. जूनच्या सुरुवातीला तो मागच्या पायऱ्यांवरून घसरला. पायऱ्यांवर शेवाळ होतं, त्याच्या दोन्ही हातांत रोपांच्या पिशव्या. मांडीचं हाड मोडलं. कराडला ऑपरेशन झालं, सळी घातलीय. हाड चांगलं जुळतंय, मी स्वतः फोटो पाहिलाय, घाबरू नका.

आधी का लिहिलं नाही, तर मुलगा पडलाय हे ऐकून तुम्ही उत्तर द्यावं असं मला नको होतं. मी एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मला हवं होतं. पण मग वाटलं, ते आपलं आपण बघू. आईला मुलाचं कळलं पाहिजे.

खरी अडचण हाडाची नाही. डॉक्टर म्हणतात चाल, आणि तो चालत नाही. वॉकर आणलाय, त्यावर आम्ही टॉवेल वाळत घालतो. तो खिडकीशी बसतो आणि तिथून मला हुकूम सोडतो. मी समजावलं, ओरडले, अबोला धरून पाहिला. इतरांच्या घरच्या पेशंटना मी दुसऱ्या दिवशी उभं करते. घरातला पेशंट माझं ऐकत नाही.

म्हणून मी परडं हातात घेतलं. कुणीतरी काहीतरी उभं केलं पाहिजे ना.

पहिल्यांदा पायऱ्या. तारेच्या ब्रशनं घासून शेवाळ काढलं, चुना टाकून पुन्हा घासल्या. पण चार दिवसांत पुन्हा हिरवट झाक दिसायला लागली. मग लक्षात आलं, वरून जांभळाची एक फांदी पायऱ्यांवर सावली धरून बसलीय, तिथं ऊनवारा पोचतच नाही. फांदी उतरवली, जाड वाळू पसरली. आता रोज सकाळी झाडू फिरवते आणि पायरी कोरडी नसली तरी तिच्यावर पाय घसरत नाही.

शेजारी येसूबाई राहतात. इथल्याच, कोयनाकाठच्या. त्यांनी कुंपणावरून माझी भगुणी बघितली आणि पोट धरून हसल्या. म्हणाल्या, ‘पोरी, तू पान्याला धरून ठेवतीस व्हय? हितं त्याला वाट दाखवायची असती. जा म्हनायचं.’ मग आम्ही दोघींनी डोंगराच्या अंगाला एक चर खणला, उतारावरून येणारं पाणी परड्यात न शिरता बाजूनं रस्त्याच्या गटारात जाईल असा. चर खणून झाला त्याच दुपारी पाऊस कोसळला आणि ते तांबडं पाणी वळण घेऊन सरळ निघून गेलं. मला शाळेत पहिला नंबर आल्यावर इतका आनंद झाला नव्हता.

आळी बुजवली. उतारावरचे धोंडे गोळा करून गुडघ्याएवढे उंच वाफे रचले, आत माती आणि कुजलेला पाला. मल्हार खिडकीतून ओरडला, ‘अगं, वाफा हाय का चौथरा?’ मी म्हटलं, बाहेर येऊन बघ. आला नाही.

आता भांडण गोगलगायींशी. कोवळं पान दिसलं की फडशा. मल्हार म्हणतो मीठ टाक. मिठानं त्या मरतील आणि त्यांच्यामागं मातीही मरेल. मी संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याशेजारी पसरून ठेवते. सकाळी उचललं की खाली सगळ्यांचं संमेलन भरलेलं. बादलीत गोळा करून ओढ्यापलीकडं सोडून येते. जाताना पायाला जळवा लागतात, त्यांचं मात्र मी काही ऐकून घेत नाही.

ओल्या मातीवर पाय द्यायचा नाही, हेही शिकले. दिला की ती घट्ट बसते आणि मुळांचा श्वास कोंडतो. एक फळी टाकलीय, तिच्यावर उभं राहून काम करते.

हळद रुजलीय. दोडका दोन पानांवर आहे. एवढंच.

आम्रपाली


म्हसवड
५ ऑगस्ट

काकू,

मी अपेक्षा. आजी बोलते तसंच लिहितेय, तिचीच तशी सक्त ताकीद आहे.

‘तिला लिव, दोनी पत्रं पोचली. पैल्याचं उत्तर धाडलं न्हाई कारन मला राग व्हता. अजून हाय. पोरगं पडलं जूनात आन आईला कळतंय आषाढ सरताना? ह्यो कसला कारभार म्हनावं.

‘तिला लिव, पानी जास्त झालं तर काय करायचं ते मला इचारू नगं. माझ्या जल्मात पानी जास्त झालं असं मी कवा म्हनलं न्हाई. आमच्याकडं पाऊस आला तर आमी दारात भांडी मांडतो. तिच्याकडं उलटं आसंल तर तिनं तिच्या अकलेनं करावं. चर खनला ते बरं केलं. चौथरं कशाला बांधलं ते मला काय कळलं न्हाई.

‘मल्हाऱ्याला लिव. मेंढराचा पाय मोडला तर कामट्या बांधतो आन बरं झालं की कळपामागं हाकलतो. बसलेलं मेंढरू लांडग्याचं. तू तर मानूस हायस. ऊठ.

‘आन लेंडीखत धाडते. आपल्याच मेंढरांचं हाय, वर्साचं मुरल्यालं. गावातला केरबा टेंपो घिऊन पाटनकडं चाललाय, तो पोतं टाकंल दारात. पैशाचं नाव काढायचं न्हाई. दादासोला सांगितल्यालं न्हाई. त्याला सांगायचं तवा मी सांगंन.

‘तिचं नाव काय म्हनलीस? … लांब हाय नाव. असूं दे.’

काकू, आता माझं. तुमचं दुसरं पत्र आजीनं तीन वेळा वाचायला लावलं. मांडीच्या हाडापाशी आलं की ‘थांब’ म्हणायची, उठून शेरडांना पाणी दाखवून यायची, आणि मग ‘हं, म्होरं’. पप्पांना काही कळलेलं नाही. गोगलगायींचं वाचताना आजी हसली. तिनं हे लिहू नको म्हणून सांगितलंय.

अपेक्षा


कोयनानगर
१७ ऑगस्ट

ती. आत्याबाई,

पोतं पोचलं. केरबांनी फाटकाशी ठेवलं, चहालाही थांबले नाहीत.

मी दवाखान्यातून आले तेव्हा मल्हार खिडकीत ताठ बसलेला होता. वारा तिकडून इकडं वाहत होता आणि त्याला वासावरून कळलं होतं. मी चप्पल काढायच्या आत त्यानं विचारलं, ‘लेंडीखत कुटनं आलं?’

मी सगळं सांगितलं. तुमचं पत्र हातात दिलं. त्यानं वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, ‘कुनाला इचारून लिहिलंस?’

‘कुणाला विचारायचं असतं?’

‘चार वर्सं तिनं तुझं तोंड बघितलं न्हाई, आम्रपाली. फोनवर तुझा आवाज ऐकला की ठेवायला लावायची. आन तू तिला खत मागतीस?’

‘मी खत मागितलं नाही. मी प्रश्न विचारला होता. खत त्यांनी आपणहून पाठवलंय.’

‘परत धाड.’

‘तू धाड. फाटकाशी आहे. उचल आणि धाड.’

त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात फक्त पत्र्यावरचा पाऊस बोलत होता. मी पोतं हलवलं नाही. एकतर ते मला एकटीला उचलवत नव्हतं, आणि एवढ्या पावसात खत घालून उपयोगही नव्हता. सगळं धुपून चराच्या पाण्याबरोबर गावाला मिळालं असतं. पाऊस ओसरेपर्यंत ते कोरडं राखायचं, एवढंच काम होतं. मी त्यावर प्लॅस्टिकचा कागद टाकला, कडेनं धोंडे ठेवले.

काल दुपारी वाऱ्यासकट पाऊस आला. मी ड्यूटीवर होते. डोळ्यांपुढं सारखं ते पोतं. पण एक बाळंतीण अडलेली, तिला सोडून कुठं जाणार? मुलगी झाली, दोघी सुखरूप. मग मी घरी निघाले.

फाटकाशी पोतं नव्हतं. कागद कुंपणाला अडकून फडफडत होता. वाटेवर जड काहीतरी ओढत नेल्याची खूण. ती घराला वळसा घालून मागं गेली होती. मी पळत गेले. मल्हार मागच्या पडवीत जमिनीवर बसलेला, पाठ पोत्याला टेकलेली, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. पोत्याच्या तोंडाला चादर बांधून दुसरं टोक त्यानं स्वतःच्या कमरेला गुंडाळलं होतं. वॉकर समोर आडवा. वॉकर पुढं टेकायचा, एक पाऊल टाकायचं आणि पोतं मागून ओढायचं, असं करत तो फाटकापासून पडवीपर्यंत आला होता.

मी आधी पाय तपासला. मग रागावले. आवाज चढवून रागावले, येसूबाईंनी दार उघडून बघितलं इतका.

तो म्हणाला, ‘भिजलं असतं गं. आईनं वर्सभर मुरवल्यालं.’

 मीही त्याच्या शेजारी पोत्याला टेकून बसले. पोतं आतून उबदार होतं. त्याचा चेहरा ओला होता. पण पाऊसही होता, तेव्हा त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

आज सकाळी टॉवेल दोरीवर वाळत होते आणि वॉकर जागेवर नव्हता. तो पायऱ्यांपर्यंत जाऊन आला. पायऱ्या उतरला नाही. मी उतर म्हटलं नाही.

खत कोरडं आहे.

आम्रपाली


कोयनानगर
२२ सप्टेंबर

ती. आत्याबाई,

पाऊस आता दिवसभर नसतो, येऊन-जाऊन असतो. लेंडीखत घातलं. एकदम नाही, प्रत्येक वाफ्याला मूठमूठ, वरची माती हलकी उकरून. पंधरवड्यात पानांचा रंग बदलला. तुमच्या मेंढरांना माझे आभार कळवा.

आता परडं कसं आहे ते सांगते. हळद कमरेला लागलीय. दोडक्याला मांडव केलाय. जमिनीवर राहिला तर सडतो, वर चढला की वारा खातो आणि फळतो. जास्वंद फार दाट झाली होती, पानं आतून काळी पडत होती. मी तिच्या मधल्या फांद्या काढल्या, तेव्हा येसूबाई ‘आगं आगं’ करत राहिल्या, आता त्याच रोज फुलं मागायला येतात. गवत मी पार जमिनीलगत कापत नाही. कापलं की माती उघडी पडते आणि पाऊस ती घेऊन जातो. घराभोवती तेवढं आखूड ठेवते, सापकिरडं दिसावं म्हणून. कापलेलं गवत आणि पाला कोपऱ्यात झाकून ठेवते, पुढच्या वर्षी त्याचंच खत. वांग्याचं नाव मी पावसात काढणार नाही. ती दिवाळीनंतर. आधी मी सगळं लावत होते, आता या गावाला काय चालतं ते आधी बघते. त्यामुळे मरणारं कमी झालंय.

मल्हार वॉकर सोडून काठीवर आला. मागच्या पायऱ्यांना त्यानं स्वतः लोखंडी कठडा बसवला. पुढच्या महिन्यात कामावर रुजू होईल. मी त्याला विचारलं, आईला काही लिहायचंय का? म्हणाला, ‘तिनं ऊठ म्हनलं. उठलो. आता तिनं यावं.’ हा त्याचा निरोप.

माझा निरोप वेगळा आहे. मी तुम्हाला बोलवत नाही. रस्ता सांगते. म्हसवडहून कराडची गाडी धरायची, कराडला उतरून कोयनानगरची. पाटणच्या पुढं घाट वळणावळणाचा आहे, पोटात ढवळतं, तेव्हा खिडकीशी बसायचं. स्टँडवर उतरून नर्सबाईचं घर विचारलं तर कुणीही दाखवेल.

पण एक आधीच सांगून ठेवते. आलात तर माझ्या घरी येणार आहात. मल्हारला फाटकातून बघून परत जायचं असेल, तर तेवढ्यासाठी घाट चढू नका. लग्नात माझ्या आईनं तुमच्यासाठी इरकल लुगडं घेऊन ठेवलं होतं. तुम्ही आला नाहीत, शेवटी ते तिनंच नेसलं आणि तिला ते फार शोभतं. म्हणजे तुमच्यासाठी इथं काही राखून ठेवलेलं नाही. जे आहे ते रोजचं आहे, आमच्या ताटातलं.

अपेक्षा, हा भाग हळू वाच.

आम्रपाली


कोयनानगर
९ नोव्हेंबर

दादासो भाऊजी,

हे पत्र तुम्हाला. मी आम्रपाली. आजवर मी तुमच्या घरी लिहिलं ते तुमच्या आईला लिहिलं, तुमच्यापासून लपवून. आता लपवायचं काही उरलं नाही. अपेक्षा कॉलेज उघडलं म्हणून परवा परत आली आणि आजी आली नाही, म्हणून तुम्ही तिला बोललात असं कळलं. पोरीला बोलू नका. आजीला आणलं तिनं, पण राहायचं आजीनं ठरवलं. काय झालं ते मी सरळ सांगते.

दसरा होऊन अपेक्षाला सुट्टी लागल्यावर एका सकाळी दोघी फाटकाशी उभ्या राहिल्या. आत्याबाईंच्या काखेत शेवग्याची जाड फांदी, हातात घरून भरून आणलेली पाण्याची बाटली. मल्हार काठी टेकत बाहेर आला.  मग त्या म्हणाल्या, ‘बघू.’ त्यानं पाय पुढं केला. मांडीवरून हात फिरवून त्या म्हणाल्या, ‘हाड बरं बसलंय.’ चार वर्षांनी एवढंच. पण त्यांचा हात बराच वेळ तिथून निघाला नाही.

मी आत या म्हटलं. ‘आदी परडं बघते,’ म्हणाल्या आणि बाहेरून वळसा घालून मागं गेल्या. मी पाणी आणलं. ‘हाय माझ्याकडं,’ म्हणून बाटली दाखवली. मी तांब्या परत नेला. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

परड्यात त्या एकेका वाफ्याशी थांबल्या. हळद बघितली, मातीचा वास घेतला. मग दोडक्याजवळची मोकळी जागा निवडून त्यांनी खुरपं मागितलं आणि शेवग्यासाठी खड्डा घेऊन त्याभोवती आळं करायला लागल्या. मी म्हटलं, ‘आत्याबाई, इथं नाही चालायचं. शेवगा उंचवट्यावर लावायचा.’

‘मी शेवगं लावलं तवा तुझी आई परकर नेसत हुती.’

‘असेल. पण म्हसवडला. हे परडं माझं आहे.’

 मल्हारनं काठी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटतं, त्यांना असं कुणी बोललं नसावं, तुम्हीसुद्धा. त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘बरं. तू तुझ्या पद्धतीनं लाव, मी माझ्या लावते.’ फांदीचे दोन तुकडे केले. एक त्यांच्या आळ्यात, एक माझ्या मातीच्या ढिगावर.

दुपारी परतीचा पाऊस आला. सांगून येत नाही तो इथं, डोंगराआडून एकदम अंगावर येतो. आम्ही सगळे धावत घरात शिरलो, आणि आत्याबाई सगळ्यांत पुढं होत्या. लुगडं पिळत त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. त्यांचं आळं काठोकाठ भरलं. फांदी आधी कलली, मग हळूच आडवी झाली आणि पाण्यावर तरंगायला लागली. माझी ढिगावर उभी होती.

 मल्हार बोलला, ‘आई, पोहतंय बघ तुझं झाड.’

आणि भाऊजी, त्या हसल्या. अशा हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. हसता हसता ठसका लागला. बाटली हातात होती, त्यांनी उलटी करून बघितली, रिकामी. बाहेर एवढा पाऊस आणि घरात त्यांचा जीव कासावीस. अपेक्षा उठायला लागली, तिला त्यांनी हातानं थांबवलं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘आम्रपाली, पानी दे.’

मी माठातला तांब्या भरून दिला. त्या वरून न ओतता, तांब्याला तोंड लावून प्यायल्या. सगळा.

मला आनंद झाला असं तुम्हाला वाटेल. झाला, पण नंतर. आधी राग आला. एवढं सोपं होतं, तर चार वर्षं कशाला लागली? माझी आई लग्नात दाराकडं बघत उभी होती ते कशाला? मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. थोड्या वेळानं त्या मागून आल्या. शेजारी बसून घासलेली भांडी विसळायला लागल्या. म्हणाल्या, ‘रागव. मी बी रागावले हुते. माझा उगाच व्हता, तुझा न्हाई.’  भांडी संपल्यावर मी भाकरी टाकल्या, दोडक्याची भाजी केली. त्या जेवल्या, आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. कमी होतंच.

त्या संक्रांतीपर्यंत इथं राहणार आहेत. मल्हार कामावर जायला लागलाय, त्याचा डबा त्या भरतात. आता पाऊस उघडला, थंडी पडलीय, मेथी आणि वाटाणा टाकलाय. उकरून सपाट केलेल्या वाफ्याला थंडीत पाणी घालावं लागतं, तिथं मात्र त्या मला शिकवतात आणि मी मुकाट ऐकते. येसूबाईंशी त्यांचं रोज कुंपणावरून भांडण होतं, गोगलगायींवरून. दोघींना त्याशिवाय करमत नाही.

तुम्ही त्यांना न्यायला येणार, असा निरोप अपेक्षाकडून मिळाला. जरूर या. तुमच्या आईला कुणी अडवून ठेवलेलं नाही. पण एकटे येऊ नका, जाऊबाईंना आणा, आणि जेवायला थांबायच्या बेतानं या. फाटकातून हाक मारलीत तर मला ऐकू येणार नाही, मी मागं परड्यात असते.

आत्याबाई इथंच बसल्यात, बाजारातून आणलेले वाटाणे सोलताहेत. मी लिहिलेलं वाचून दाखवलं. शेवग्याचं गाळ म्हणाल्या, मी गाळलं नाही. आता म्हणताहेत, माझं बी लिव. तर हे त्यांचं, त्या बोलतात तसं:

‘दादासो, मी मजेत हाय. मल्हाऱ्या काठी विसरून बाजारला गेला काल. तू चिडला आसशील, चिड. मला घिऊन जायची घाई करू नगंस. हितलं पानी मला मानवलंय.’

आम्रपाली